टण् आणि थप्

मे महिन्यात बर्फ गटारातून वाहून जातो,
मीठ मागे उरतं.
केमी गावात तेव्हा अर्धी माणसं
आपापल्या गाड्यांखाली उताणी झोपलेली असतात,
नुसते बूट दिसतात.

बाबांची डॅटसन एकोणीसशे चौऱ्याहत्तरची,
मोहरीच्या रंगाची, निदान कागदोपत्री.
गाडीलाही उंबरठा असतो,
दाराखाली, चाकापासून चाकापर्यंत.
गंज तिथूनच आत येतो.

पूर्वी बाबा स्क्रूड्रायव्हर उलटा धरून
मुठीनं ठोकत जायचे,
गोठलेल्या समुद्रावर पाय ठेवण्याआधी
सळईनं बर्फ ठोकून बघतात तसे.
धड पत्रा म्हणतो टण्.
कुजका म्हणतो थप्.
कागदाच्या कारखान्यानं मग त्यांचे कान घेतले,
बारीक आवाज आधी, जाड आवाज नंतर,
पगारातून कापून घ्यावेत तसे.

आता ते पालथ्या क्रेटवर बसतात.
मी ठोकते, ते माझ्या ओठांकडे बघतात.
टण्, मी सांगते.
टण्.
टण्.

दारांच्या तळाशी पाणी निथळायची भोकं असतात,
तांदळाच्या दाण्याएवढी.
बर्चच्या पानांचा लगदा बसला होता त्यांत.
केसांची पिन घालून फिरवली, तर
गेल्या सप्टेंबरचं काळं पाणी
मनगटावरून थेट कोपरापर्यंत.
बाबा हसले. वास त्यांना अजून येतो.

मागच्या डाव्या चाकापाशी
रंगाखाली तीन फोड.
थप्.
मी म्हटलं, टण्.

ते माझ्या ओठांकडे बघतच नव्हते.
खाली बघत होते, सिमेंटवर,
जिथं चिमूटभर तपकिरी भुकटी पडली होती.
"पोखर," म्हणाले.

पोखरलं.
पत्रा बिस्किटासारखा मोडला,
आतून निघाली पुट्टी, मुठीएवढी,
आणि पुट्टीच्या आत
ठासून भरलेलं वर्तमानपत्र.
बाबांच्याच बोटांचे ठसे पुट्टीवर, वाळलेले.
तारीख वाचता येत होती: मार्च एक्क्याण्णव.
मी तो बोळा त्यांच्यासमोर धरला.
ते एकदम जास्तच बहिरे झाले.

बऱ्याच वेळानं, चाकाच्या नटांकडे बघत,
"कारखाना बंद होता तेव्हा. तपासणी तोंडावर आलेली."
आणि उर्पोकाकांना कळलं नाही?
ते तर तपासणीवाले, सगळ्या गावाची गाडी ठोकणारे.
"कळलं की.
त्यानं तेवढ्या जागी ठोकलंच नाही."

आठवडाभर काम चाललं.
चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापलं,
उर्पोकाकांच्या भाच्यानं, लाउरीनं, ठिगळ वेल्ड केलं,
पैसे घेतले नाहीत, मासे नेले.
आसपास तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर,
खोलगट खड्ड्यांत जो गंज निघेना
त्याच्यावर ते दुधी औषध.
दूध आधी जांभळं झालं, मग काळं.
बाबा क्रेट पुढे ओढून बघत राहिले;
हे त्यांना माझ्याकडून ऐकावं लागत नव्हतं.
मग जस्ताचा प्रायमर, दोन हात,
दोन्हींच्या मध्ये जेवण आणि एक डुलकी.

मेणाचा डबा सौनाच्या बादलीत,
गरम पाण्यात ठेवून पातळ केला.
लांब नळी उंबरठ्यात घातली,
मी फवारत गेले,
बाबा गुडघ्यांवर बसून मोजत गेले
कुठल्या कुठल्या भोकातून ठिबकतंय.
पाचवं ठिबकेना.
पिन त्यांनीच मागितली.

रंगाचं मात्र जमलं नाही.
दुकानदारानं ढवळून दिलेला पिवळा
ओला असताना बरोबर होता.
सकाळी ठिगळ लांबून कळत होतं,
रस्त्याच्या पलीकडूनसुद्धा.
घासून पुन्हा मारू का, मी विचारलं,
हातवारे करून, नीट तोंड उघडून.

बाबांनी त्यावर तळवा ठेवला.
"कळू दे," म्हणाले.